दाराआडच्या खुंट्या

३ ऑगस्ट
माझा सत्कार ठरला. लॅबमध्ये पाचही संशोधक विद्यार्थी मुली, त्यातल्या चार परदेशांतून आलेल्या. मी संशोधन करत होते तेव्हा सगळे याच शहरातले पुरुष, आणि मी एकटी बाई. दाराआडच्या खुंट्यांवर त्यांचे पांढरे कोट. माझा बेसिनजवळच्या खिळ्यावर. आज त्याच खुंट्यांवर मुलींचे कोट, त्यांच्या शेजारी माझा. हे कुणी घडवलं? मी. भाषणात नम्रपणे सांगेन.
विभागप्रमुख बजावून गेले, विद्यार्थी नसतील ती लॅब काढून घेणार. घ्या की! मला काय त्याचं?

९ ऑगस्ट
उंच मुलगी म्हणाली, मॅडम, मला दिवस गेलेत, काही महिने रसायनांपासून लांबचं काम द्याल का? मी म्हटलं, अगं, मी तर बाळंत होईपर्यंत इथेच उभी होते. बरं, म्हणाली आणि कोटाची घडी घालू लागली. पटलं असावं.

१० ऑगस्ट
एक खुंटी रिकामी. कोट धुवायला नेला असणार. टापटिपीची पोर!

१७ ऑगस्ट
आणखी एक रिकामी. मी आत शिरले की कुजबुज थांबते. दरारा आहे अजून. समोरच्या लॅबमध्ये मात्र खिदळणं. तिथला गाइड माझाच जुना विद्यार्थी. पोरींना विचारून मीटिंगची वेळ ठरवतो म्हणे! काय डोंबलाचं संशोधन होणार?
संकल्प: सोमवारपासून गोड बोलायचं.

२५ ऑगस्ट
सोमवार कामात गेला. चष्मेवालीने रजा मागितली; तिकडे तिच्या देशात वडील आजारी. म्हटलं, तू गेल्याने त्यांचा ताप उतरणार आहे का? नाही म्हणाली. मग बस कामाला, म्हटलं. बसली. पण डोकं वर केलं नाही. एकाग्रता वाढते आहे.

२९ ऑगस्ट
तिचे वडील गेले. समोरच्या लॅबने तिचं तिकीट काढलं, सगळे विमानतळापर्यंत गेले. मला कुणी कळवलं नाही. उगाच त्रास नको म्हणून.

४ सप्टेंबर
लॅब शांत. इतकी, की फ्रिजची घरघर ऐकू येते. भाषणाचा सराव छान झाला.

११ सप्टेंबर
आज सत्कार. सकाळी लॅबमध्ये गेले तर सुतार खुंट्यांची फळी उतरवत होता. समोर कोट वाढलेत, खुंट्या पुरत नाहीत, म्हणाला. ही खोलीही त्यांनाच दिली आहे, बाई, चावी ऑफिसात देऊन जा.
माझा कोट कुठे, विचारलं.
त्याने बेसिनकडे बोट दाखवलं. एकच तर होता, म्हणाला, खिळ्याला अडकवलाय.
खिळा अजून मजबूत आहे.