ओल्या बाहीची साक्ष

प्रिय अप्पा,

रविवारी तुमची शोकसभा झाली. उणकलच्या घरासमोर मांडव घातला होता. रेल्वे वर्कशॉपमधले तुमचे जुने सोबती आले होते, गावाकडून टेम्पो भरून माणसं आली होती. सगळे तुमच्याबद्दल भरभरून बोलले. तुम्ही ड्यूटीवर कधी उशिरा गेला नाहीत, कुणाच्या भांडणात पडला नाहीत, मुलांना शिकवलंत. सगळं खरंच होतं हो. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की ही माणसं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत!

मग मला उभं केलं. मला चावडीवरची ती दुपार सांगायची होती. आपल्या घरातली ती पाहिलेली मी एकटीच. पण पुढच्याच रांगेत आपल्या गावचे पाटील बसले होते, मी बसवून दिलेली कवळी घालून! त्यांचं तोंड दिसलं आणि मी 'अप्पा फार मोठे होते' एवढंच म्हणून खाली बसले. तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात. म्हणून आज दवाखाना बंद ठेवलाय आणि लिहायला बसलेय. माईकवर जे बोलता आलं नाही ते तुम्हालाच सांगते. तुमचीच गोष्ट, तुम्हालाच.

माझा सीईटीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही दुर्गदबैलाच्या बाजारातून फिक्या निळ्या पॉपलिनचं कापड आणलंत. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पूर्ण बाह्यांचा ड्रेस पाहिजे म्हणालात. डेंटलची जागा मिळण्यासारखे मार्क होते, पण राखीव जागेतून, आणि त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. प्रवेशाचं बोलावणं यायच्या आत हवा होता.

कचेरीतला कारकून भला माणूस होता. धर्माच्या रकान्यात तुम्ही 'बौद्ध' लिहिलेलं त्यानं बघितलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हिंदू अंत बरीरी, यजमानर. नाळिगे केलस आक्कैति." हिंदू लिहा, उद्या काम होईल. त्याला खरंच आपलं भलं करायचं होतं. तुम्ही त्याला तितक्याच हळू आवाजात कन्नडमध्ये समजावलंत की नव्वद साली कायदा बदललाय, आता बौद्धांनाही दाखला मिळतो. तो म्हणाला, मिळतो की, पण मग लांबचा रस्ता. मूळ जात कुठली ते गावात जाऊन विचारायला लागतं, पंचांच्या सह्या आणायला लागतात, आणि गाव आलं म्हणजे गावाची मर्जी आली.

तुम्ही म्हणालात, गावाला जातो.

अप्पा, सायकल स्टँडपाशी मी किती रडले तुम्हाला ठाऊक आहे का? एक शब्द! घरात तर तुम्ही तेच राहणार होतात, भिंतीवर तीच तसबीर, पौर्णिमेला तीच खीर. कागदावर एक शब्द लिहायला तुमचं काय जात होतं? तुमच्या थोरल्याच्या, अण्णाच्या वेळी तर कायदाही नव्हता. बौद्ध झालात ना, मग सवलत संपली, असा तेव्हाचा हिशेब. त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तेव्हाही तुम्ही तो शब्द लिहिला नाहीत, आणि अण्णा आजही दुर्गदबैलात हार्डवेअरच्या दुकानात दुसऱ्याच्या गल्ल्यापाशी उभा राहून खिळे तोलतो. तो तुमच्यावर किती वर्षं रुसला होता! आणि आता माझी पाळी, असं मला वाटलं.

तुम्ही गाव का सोडलंत ते मला आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. आज्जांच्या मागे तराळकी तुमच्याकडे आली. दवंडी द्यायची, सरकारी माणूस आला की पुढे पळायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं. तुम्ही हुबळीला येऊन दीक्षा घेतलीत, परत गावी गेलात आणि चावडीसमोर उभं राहून सांगितलंत की आजपासून मी त्या जातीचा नाही आणि ते कामही माझं नाही. त्यानंतर गावात राहणं शक्यच नव्हतं. वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलात ते तिथूनच निवृत्त झालात.

त्याच चावडीवर आता तुम्ही साक्ष मागायला निघाला होतात, नव्या ड्रेसमधल्या मुलीला बरोबर घेऊन.

अळणावरच्या पुढं ती बस किती धूळ उडवायची! उतरलो तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. चावडीवर तलाठी कागद घेऊन बसले होते, बाजूला पाटील आणि गावचे चार शहाणे. मी पाणी मागितलं. पाटलांच्या गड्यानं कळशी आणली आणि मला ओंजळ धर म्हणाला. मी शहरात वाढलेली, मला ओंजळीनं कुठं पिता येतंय! त्यानं उंचावरून धार सोडली. निम्मं पाणी तोंडात गेलं, निम्मं कोपरापर्यंत उतरलं. मला वाटलं, पेला नसेल. मग त्यानं आतून तीन पेले आणले, त्याच कळशीतून भरले आणि तलाठ्यांना, पाटलांना आणि त्यांच्या शेजारच्याला दिले.

तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही तहान नाही म्हणालात. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

तलाठ्यांनी काम सांगितलं. पाटील हसले. वाईट हसले असं नाही म्हणत मी, गंमत वाटल्यासारखे हसले. म्हणाले, "यल्लाप्पा, ह्याच चावडीसमोर तू म्हणालेलास न्हवं, आजपासनं मी त्या जातीचा न्हाई म्हणून? समद्या गावानं ऐकलंय. आता तू त्याच जातीचा हाईस म्हणून आमी सही करायची? खोटी साक्ष हुईल की."

बाकीचेही हसले. तलाठ्यांनी पेनाला टोपण लावलं. पाटलांचं बोलणं मला बिनतोड वाटलं, अप्पा. आता ह्याला काय उत्तर देणार? म्हणा एकदा की चूक झाली, मनातल्या मनात मी तुम्हाला विनवत होते. म्हणा आणि सही घ्या.

तुम्ही उठलात. आवाज जराही चढवला नाहीत.

"म्हणालेलो, पाटील. आजबी म्हणतो. जात मी सोडली. तुमी सोडलासा काय, तेवढं सांगा."

मग तुम्ही माझा हात धरून वर केलात. मला आधी कळलंच नाही काय करताय ते. "हिची बाही बघा. अजून ओली हाय. आणि पेले हितंच हाईत."

निळं कापड पाण्यानं गडद झालं होतं आणि सगळी चावडी माझ्या कोपराकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि त्याच वेळी, खरं सांगते, माझ्या आयुष्यात माझा हात इतका उंच कधी गेला नव्हता.

तुम्ही तलाठ्यांकडे वळलात. म्हणालात, "दोनातलं एक लिहा, साहेब. ह्या गावात आमच्या माणसांना विहीर, न्हावी, हाटेल समदं इतरांसारखंच हाय, असं पाटील लिहून देत असतील तर पहिलं ते लिहा. तेवढा कागद घेऊन मी जातो, मला दाखला नको. न्हाईतर यल्लाप्पा जन्मानं महार, असं लिहा. पण ह्यातलं एक आज सही करून द्या."

मला दाखला नको! माझ्या देखत, माझ्या दाखल्याबद्दल!

पाटील बराच वेळ माझ्या बाहीकडे बघत होते. मग मान खाली घालून त्यांनी कागद ओढला आणि दुसऱ्या, 'जन्मानं महार' ह्या मजकुराखाली सही केली. बाकीच्यांनीही केल्या. आपल्याकडे कुणी पाहिलं नाही. तलाठ्यांनी धर्म बौद्ध लिहिला, मूळ जात लिहिली, आणि काही दिवसांत माझा दाखला तयार झाला, एकही शब्द खोटा न लिहिता!

परतीच्या बसमध्ये मी हवेत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, चेहरा उतरलेला. मी विचारलं, आता काय झालं? काम तर झालं.

तुम्ही म्हणालात, "मला वाटलेलं, पाटील पहिलं लिहून देतील, आणि त्या सहीला जागतील."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी म्हटलं, अप्पा, तसं लिहून दिलं असतं तर माझी जागा गेली असती!

"गेली असती, पोरी. पण तुझ्यामागनं येणाऱ्या कुणाला दाखला मागायला लागला नसता."

अप्पा, एवढी वर्षं झाली, मी अजून त्या वाक्याशी येऊन थांबते. तुम्ही पाटलांना कोंडीत पकडत होतात असं मला वाटत होतं, आणि तुम्ही तर त्यांच्या होकाराची वाट बघत होतात! ज्या माणसांनी तुम्हाला गावाबाहेर काढलं, ती एका दुपारी बदलतील अशी आशा धरायला केवढं काळीज लागतं? मला अजून ते मोजता येत नाही. तुमच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून पाव चहात बुडवून खात होता!

पण एक तक्रार आहे. जागा माझी होती ना? ती पणाला लावण्याआधी मला एकदा तरी विचारायचं होतंत. तुम्ही म्हणाल, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. म्हणाले असते. तेव्हा नक्की म्हणाले असते.

मी दातांची डॉक्टर झाले. सप्तापूरचे प्राध्यापक, दुर्गदबैलातले व्यापारी, सगळे माझ्यापुढे आ वासून बसतात आणि मी हातमोजे घालून त्यांच्या दाढा चाचपते. कुणी जात विचारत नाही. दुखत असेल तेव्हा कोण विचारतोय! एक दिवस पाटीलही आले, कवळीसाठी. मी दिलेल्या ग्लासातून त्यांनी चुळा भरल्या. मला राहवलं नाही, मी गावच्या पाण्याचं विचारलं. आता नळ आलेत म्हणाले, आपल्या लोकांच्या गल्लीला वेगळा. आणि इथं ह्या ग्लासातून कसं चालतं, असं विचारलं तर म्हणाले, "तुझं येगळं हाय. तू डॉक्टरीण."

घरी येऊन मी तुम्हाला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, ग्लासाचं. तुम्ही फक्त त्या नळाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहिलात.

रविवारी सगळे पांगल्यावर पाटील माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, यल्लाप्पासारखा माणूस गावानं घालवला. आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अण्णाच्या पोरीला आता दाखला लागंल की. काळजी करू नको. सही मी देतो."

केवढ्या मायेनं म्हणाले, अप्पा! आणि देऊन काय देणार होते, तर तीच सही, त्याच मजकुराखाली. एवढ्या वर्षांनी त्यांच्या मायेची धाव तिथंच थांबते. हे त्यांना कळलं नाही, आणि मांडवात उभं राहून मीही ते त्यांना सांगितलं नाही.

पण आता सांगणार आहे. शाळा सुरू झाल्यावर अण्णाच्या मुलीला घेऊन मी गावाला जाईन. ती धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहील. मी तिला आधी सगळं सांगेन, तिची परवानगी घेईन, तुमच्यासारखं नाही करणार! मग चावडीवर पाटलांच्या पुढं दोन्ही मजकूर ठेवीन, तुमचा पहिला आणि तुमचा दुसरा, आणि पहिल्याची वाट बघेन. दुसऱ्यावर सही झाली तर घेऊन येईन, लाजणार नाही, तो आपला हक्क आहे. तिच्यामागून तिच्या धाकट्या भावाच्या वेळी परत जाईन. आणि ज्या दिवशी ते गाव पहिल्या मजकुराखाली खरी सही करेल, त्या दिवशी, अप्पा, मी माझा दाखला कचेरीत नेऊन देईन आणि सांगेन, घ्या, आमचं काम झालं.

तुमच्याकडे बघतच राहिलेली,
तुमची
सुजाता