टेकडीच्या वाटेवरचा माझा नियम

जालना, मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

शहरामागच्या टेकडीची वाट जेमतेम दोन हात रुंद. पायी फिरणाऱ्यांची आणि आम्हा सायकलवाल्यांचीही. गंगाधरराव रोज तिच्या मधोमध चालत. शेती थोरल्यावर सोपवून वाटूरहून धाकट्याकडे राहायला आलेले. घंटी वाजवली तरी हटत नसत. "उतरा की साहेब, चार पावलं संगं चाला. सायकल काय पळून चालली न्हाई!" मग मला उतरावेच लागे, आणि वरच्या वळणापर्यंत कापसापासून सुनेच्या वरणापर्यंत सर्व ऐकावे लागे.

काल मी त्यांना सुनावले. पायी चालणाऱ्याने डावीकडे राहावे, घंटी ऐकताच वाट द्यावी, चढावर सायकल अडवू नये. ते एवढेच म्हणाले, "बराबर हाय."

आज घंटी वाजवताच ते वाट सोडून गवतात उभे राहिले. "जा साहेब, मोकळं हाय." थट्टा नाही, रागही नाही. मी थांबलो नाही. का थांबलो नाही? नियम चुकीचा नव्हता, हे आताही म्हणेन. पण आज तो पाळला गेला आणि घंटीचा आवाज मलाच नकोसा झाला.

वळणावर उतरून त्यांची वाट पाहिली. खाली पाहिले तर ते परत फिरले होते. पत्नी गेल्यापासून माझ्याशी आपणहून बोलणारे तेच एक होते. हे त्यांना कधी सांगितले नाही. स्वतःशीही कबूल केले नव्हते.

उतार होता, तरी सायकल हातात धरून चालतच खाली आलो. तोवर ते दिसेनासे झाले होते.