सड्यावरचा राजा

अण्णा, परवा रत्नागिरीत तुमचं कौतुक झालं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता लोकांना तुमची आठवण आली आहे. हल्ली सड्यांच्या उघड्या माळांवरची कातळशिल्पं बघायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात, जांभ्या दगडावर कोरलेल्या हत्तीभोवती वाकून फोटो काढतात, आणि मग कुणीतरी सांगतं की ह्या भागात एक मास्तर होते, जुन्या राजाची हरवलेली समाधी शोधत जन्मभर सडा तुडवायचे. मला पहिल्या रांगेत बसवलं. शाल दिली, नारळ दिला. तुम्ही काढलेले नकाशे भिंतीवर लावले होते. एकेक चिरा, एकेक पायवाट, पऱ्ह्याचा ओढा कुठे वळतो, पाणी कुठे मुरतं, सगळं त्यात. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. माझ्या भावाला तुम्ही जिथे पुरलंत ती जागा तेवढी त्यात नव्हती. नसणार हे ठाऊक होतं, तरी बघितलं.

मी तेव्हा तिसरीत होते. नाटे गावाजवळच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात आणि आपण शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायचो. बाळ झालं आणि बारशाच्या आतच गेलं, म्हणजे त्याला नावसुद्धा नाही. आईनं आपलं मऊ झालेलं लुगडं फाडून त्यात त्याला गुंडाळलं आणि तुमच्या हातात दिलं. दात न आलेल्या पोराला जाळत नाहीत, पुरतात, आणि तिथे बाईमाणसानं जायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही आणि शेजारचे काका कुदळ घेऊन सडा चढलात. परत येऊन विहिरीवर अंघोळ केलीत. आई आत भिंतीकडे तोंड करून पडलेली. आणि संध्याकाळी पडवीत तुम्ही काकांना विचारता आहात, "पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला ते घडीव चिरे बघितलेत काय? ओळीत लावलेत. साधं काम नव्हे ते." मी दाराशी उभी आहे. पोर पुरून आलेल्या माणसाच्या आवाजात उत्साह आहे, अण्णा. काका उठून घरी गेले.

तिथून तुमचा राजा सुरू झाला. कुठल्याशा ताम्रपटात त्याचा उल्लेख होता म्हणे, आणि गावात म्हातारी माणसं सांगायची की समुद्रातून आला, सड्यावर मेला. दर रविवारी तुम्ही चपला घालून निघायचात. दुकानात माणसं थट्टा करायची, "गावला काय राजा, मास्तर?" कुणी म्हणायचं, "राजाला जाळतात ओ, पुरत नाहीत. राख शोधता काय?" तुम्ही शांतपणे समजावून सांगायचात, की जाळतात, पण जाळल्या जागी समाधी बांधतात, घडीव दगडाची, लोकांनी लक्षात ठेवावं म्हणून. एवढं समजावण्याइतका धीर तुम्ही घरात कधी दाखवला नाहीत. काही रविवारी मला टेपचं टोक धरायला न्यायचात. एकदा काट्यांत एक चौकोनी चौथरा दिसला आणि मी आनंदानं ओरडले, "अण्णा, हीच असेल!" तुम्ही माझ्या हातातून टेप काढून घेतलात. म्हणालात, "असेल म्हणून चालत नाही. पुराव्याशिवाय कधी बोट दाखवायचं नाही. खोट्या समाधीपेक्षा समाधी नसलेली बरी." परत येताना मागे न बघता पुढे चालत राहिलात. मी त्यानंतर आले नाही.

आईला फार काही नको होतं. वर्षातून एकदा तिथे दिवा लावायचा, वाटीभर दूध ओतायचं. अशा पोराचं श्राद्ध नसतं, पानात त्याचा घास नसतो, तर निदान एवढं. तिनं किती वेळा विचारलं ते मी बघितलेलं नाही, पण एक वेळ बघितलेली आहे. मी बाळंतपणाला आले होते. तुम्ही पाटावर जेवायला बसलेले, आई ताक वाढते आहे, माझा मुलगा माझ्या मांडीवर. त्याच्याकडे बघत तिनं विचारलं, "आपल्या बाळाला कुठे ठेवलंत हो? आता तरी सांगा." तुम्ही भात कालवत म्हणालात, "पऱ्ह्याच्या काठाला कुठेतरी. तेव्हा लक्ष दिलं नाही. नक्की सांगता येणार नाही, उगाच खोटं कशाला सांगू?" ताकाचं भांडं खाली ठेवून ती मागच्या दारी गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तुमच्या काखेतला कळसा केव्हाच पडून गेला होता, वळसा मात्र चालू राहिला. माझा नवरा भला माणूस, तो म्हणतो, कदाचित अण्णा त्या पोरालाच शोधत असतील, राजा आपला नावाला. मी पण काही वर्षं तसं धरून बघितलं. पण तसं असतं तर एका रविवारी तरी तुम्ही आईपाशी बसला असतात. नाही अण्णा, तुम्ही राजालाच शोधत होतात. आणि तोही तुम्हाला मिळाला नाही, ह्याचा मला आनंद झाला होता. आजही आहे.

तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे रत्नागिरीत राहिली. एके दिवशी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "ह्यांनी तुला तरी काही सांगितलंनी काय गो? शेवटी शेवटी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, सांगितलं." तिनं शेंगा बाजूला केल्या. "मग इतके दिवस बोलली नाहीस ती?" मी म्हटलं, "तुझे गुडघे दुखतात, तू जायचा हट्ट धरशील म्हणून." दुसऱ्या दिवशी गाडी केली. सड्यावर निम्म्या जागेत चिरेखाणी झालेल्या, लाल खड्डे नुसते, आणि मी तिचा दंड धरून पऱ्ह्याच्या काठानं चालते आहे, आणि कुठे थांबायचं हे मला ठाऊक नाही. जागा मी चालता चालता शोधत होते. एका करंजाखाली बरासा दगड दिसला. मी म्हटलं, "हीच." तुम्ही मला जे कधी करायचं नाही म्हणून शिकवलं होतंत, तेच बोट मी दाखवलं.

आई खाली बसली. हातानं पाला बाजूला केलान, दूध ओतलान. वाऱ्यानं दिवा टिकेना, तर पदराचा आडोसा करून धरून बसली. रडली नाही. मग वर झाडाकडे बघून म्हणाली, "जागा चांगली बघितलीनी हो. सावली आहे. मला आपलं वाटायचं, कुठेतरी उन्हात टाकून आले." आणि उठताना, "उगाच मी त्यांच्यावर राग धरला एवढी वर्षं." घरी आल्यावर तिनं तुमच्या फोटोला हार घातला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. सावली मी बघितली होती. क्षमा तुम्हाला मिळाली. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली, तुमच्याशी समेट करून गेली.

परवा कार्यक्रमात मला दोन शब्द बोला म्हणाले. मी हे सगळं बोलणार होते, खरंच. माईक हातात आला आणि मी म्हटलं, अण्णांनी पुराव्याशिवाय कधी विधान केलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून आज हे लिहायला बसले. पोस्टात टाकायचं नाहीच आहे, आणि पोचलं असतं तरी तुम्ही शुद्धलेखन तपासून परत दिलं असतंत.

एक मात्र सांगते. कार्यक्रमाला माझा मुलगा मुंबईहून आला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला सड्यावर नेलं, त्या करंजाखाली, आणि सांगितलं, "इथे तुझा मामा आहे." त्यानं विचारलं, "नक्की इथेच?" मी म्हटलं, "नक्की." म्हणताना मी अडखळले नाही, अण्णा. मला ते खरं वाटत होतं.