नाल्याकाठचं शेत

साक्रीजवळून,
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय भाऊ,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? सुरतेला पाऊस थांबला का? आई बरी आहे. गेल्या आठवड्यात पोळा झाला. यंदा बैल नाल्यावर नेले नाहीत, टँकरच्या पाण्याने अंगणातच पुसून घेतले. आईने खापरावर मांडे केले, पण स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवलं.

राखी मिळाली नाही म्हणून वहिनींनी विचारलं होतं. ती पोस्टात हरवली नाही, भाऊ. मी पाठवलीच नाही.

पाण्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. जुलैच्या पावसात नाला पिवळा झाला. फवारणीच्या औषधासारखा उग्र वास सुटला. आधी मासे मरून वर आले, मग भाईदास आबांच्या म्हशी पाय झाडत गेल्या. मी सरपंच, म्हणून सगळे माझ्याकडे धावत आले. काठच्या विहिरीची मोटर बंद करायला लावली, कठड्याला लाल रंग फासला, घरोघरी जाऊन भरलेले हंडे ओतायला लावले. चार घरं गाठायची राहिली होती. त्यातलं एक नूरबी चाचींचं.

त्यांची नात जीनत सकाळीच पाणी प्यायली होती. तिला झटके आले. धुळ्याला नेलं. पोरगी वाचली. पण अजून चमचा धरला की हात थरथरतो.

नाल्याच्या वर तुझं शेत. भाडेकरूने तिथे आणून ठेवलेली पिंपं गंजून फुटली होती. उन्हाळ्यात वास यायला लागला तेव्हा मी तुला फोन केला होता. "रंगाची रिकामी पिंपं आहेत, शेत भाड्याने दिलंय, तू नको लक्ष घालू," म्हणून तू रागावलास. पिंपं रिकामी नव्हती, विषारी रसायनाने भरलेली होती.

पंचनाम्याला साहेब आले. पाणी, माती बाटल्यांत भरून घेतली. मग विचारलं, "हे शेत कोणाचं?" लहानथोर बठ्ठा गाव उभा होता. माझ्यासाठीच गप्प बसले सगळे. भाईदास आबांनी तर मान फिरवली, आणि म्हशी त्यांच्याच मेल्या होत्या.

मी म्हणाले, "माझ्या सख्ख्या भावाचं. प्रेमराजचं." फिर्यादही मीच दिली.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मग म्हणाली, "मना आंडोर शे तो. त्याले सांग, कोनी धरी आनाना पहिले सोता ये." तू तिचा मुलगा आहेस, कोणी धरून आणायच्या आधी स्वतःहून ये, एवढंच तिचं म्हणणं.

पिंपं आता उचलून नेलीत. विहीर कधी पिण्याजोगी होईल, कोणी सांगत नाही. तोवर टँकर.

नूरबी चाचींनी मला एकच विचारलं, "प्रेमराजला माहीत होतं का?" आईच्या आजारपणात तुला दूध पाजलेली बाई ती. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? मला खरंच माहीत नाही, आणि तू हो म्हणशील या भीतीने मी फोन करत नाही.

साक्री फाट्यावर उतर. मी घ्यायला येईन. पोलीस चौकीत तुझ्या शेजारी बसेन, पण तुझ्या बाजूने बोलणार नाही. त्याआधी मात्र चाचींच्या दारात तू एकट्यानेच जा.

तुझ्याविरुद्ध सही केलेली,
तुझीच धाकटी बहीण
ज्योत्स्ना