हात न दाखवता घेतलेलं वळण

अण्णा, मी गाडी चालवते हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा आमच्या घरात साधी स्कूटरसुद्धा नव्हती. आता चारचाकी आहे, आणि निपाणीहून बेळगावला येताना ती मीच चालवते. तुमच्या जावयांना स्टिअरिंगवर बसलं की झोप येते, शेजारी बसून सूचना करताना मात्र ते टक्क जागे असतात. हे एवढंच हौसेनं सांगायला बसले असते तर किती बरं झालं असतं. सांगायचंय ते वेगळंच, आणि ते सांगण्यासारखं दुसरं माणूस सापडेना म्हणून तुम्हाला लिहितेय.

चार महिन्यांपूर्वीचा रविवार. नणंदेनं पिरनवाडीला घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. तिकडं पूर्वी नुसती शेतं होती, आता सगळ्या गल्ल्याच गल्ल्या, एकीसारखी दुसरी. मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. खानापूर रोडवर मी उजवीकडची गल्ली शोधत हळू चाललेय, हे म्हणताहेत पुढची, अजून पुढची, आणि एकदम ओरडतात, "हीच, हीच, वळव!" मी वळवली. आरसा बघितला नाही, इंडिकेटर दिला नाही. मागनं टायर घासल्याचा लांब आवाज आला आणि माझ्या बाजूच्या दारावर मोटरसायकल येऊन आदळली. चालवणारा पलीकडं गटारीच्या कडेला जाऊन पडला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण मांडीचं हाड मोडलं, डोक्यालाही मार बसला. सासूबाईंचा हात मनगटात मोडला. मला मेलीला साधा ओरखडासुद्धा नाही.

गाडी जोरात होती, हे खोटं नाही. बघणारे सगळे तेच म्हणाले. हे तर पोलीस यायच्या आत दहा जणांना सांगून मोकळे झाले, की विमान आल्यासारखा आला, ब्रेकसुद्धा मारला नाही. ठाण्यात माझा जबाब कन्नडात घेतला. शेवटी त्यांनी सहज विचारलं, वळताना इंडिकेटर दिला होता ना? मी हो म्हटलं, हौदु. एवढंच. खोटं कन्नडात बोललं म्हणून हलकं होत नाही, अण्णा, पण त्या दिवशी ते तोंडातून किती सहज निघालं, याचीच मला अजून शरम वाटते. केस त्याच्यावर झाली.

तुमची सायकल तेव्हापासून सारखी डोळ्यापुढं येते. कॅरियरला पातळांचा गठ्ठा, पुढच्या दांडीवर मी. शहापुरातली दुपारची गल्ली, सगळीकडं मागांचा खडखडाट, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तरी तुम्ही वळायच्या आधी उजवा हात लांब करून दाखवणार. मैत्रिणी कट्ट्यावर बसून हसायच्या आणि मी मान खाली घालायची. पुढं मला सायकल शिकवलीत, तेव्हा देवळाच्या कोपऱ्यावर मी मुद्दामच हात न दाखवता वळले. तुम्ही मला खाली उतरवलंत, सायकल ढकलत मागं न्यायला लावलीत आणि पुन्हा वळायला लावलंत. एकदा नाही, दोनदा. मला भयंकर राग आला होता. मागं कुणीच न्हाय तर दाखवायचं कुणाला, असं मी फणकाऱ्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मागं कोन हाय ते आपल्याला कुठं दिसतंय, बाळ?" आवाज चढवला नव्हता. एक धपाटा घातला असतात तर मी केव्हाच विसरून गेले असते.

अपघातानंतर महिन्याभरानं त्या मोटरसायकलवाल्या पोराची आई आमच्या घरी आली. एकटीच, दोन बस बदलून, रताळ्याची पिशवी घेऊन. ती खानापूरकडच्या खेड्यातली, घरची थोडी शेती आहे. लेक कारखान्यात लागला म्हणून दोघं पिरनवाडीत खोली घेऊन राहतात. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. ती सासूबाईंच्या पाया पडली, लेकाला माफ करा म्हणाली. सासूबाईंनी मोठ्या मनानं माफ केलं. यांनी आजकालच्या पोरांवर चार शब्द सुनावले. मग ती सांगायला लागली, की त्याला त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नाही. घरातनं निघालेलं आठवतं, त्यानंतर एकदम दवाखाना. लोक म्हणतात ब्रेकसुद्धा मारला नाही, तेच तो खरं धरून बसलाय, मी माणसात ऱ्हायलो न्हाय म्हणतो. आणि ती त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढते, कुबडी हातात देते, पण तोंडातून शब्द काढत नाही. लई बजावलं होतं त्याला, म्हणाली, एका म्हातारीचा हात मोडला, कुणाचा जीव गेला असता म्हंजे? माझा चहा उतू गेला. मी शेगडी पुसत राहिले, पुसून झाली तरी पुसतच राहिले. रताळी आम्ही उकडून खाल्ली, गोड होती.

त्यानंतर तीन महिने मी गप्प बसले. मागच्या रविवारी शहापूरला जाऊन येते असं घरी सांगितलं आणि बसनं थेट पिरनवाडीला उतरले. विचारत विचारत खोली गाठली. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता, आई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून ती गडबडीनं उठली, पाणी आणायला निघाली. मी म्हटलं, पाणी नको, आधी ऐका. आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाडी तुझी जोरात होती, पण मी आरसा बघितला नव्हता, हात नाही, दिवा नाही, काहीच दाखवलं नव्हतं, आणि पोलिसांना इंडिकेटर दिला म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. काढायलाच पाहिजे होतं. त्यानं एकच विचारलं, "आक्का, मी ब्रेक मारला व्हता का?"

"मारला होतास. मी आवाज ऐकला. चांगला लांब ऐकला."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सूप खाली ठेवलं, त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "च्या घेतोस का रं?" चार महिन्यांत तिनं त्याला विचारलेली ही पहिली गोष्ट. पोरगा असा रडायला लागला की मला तिथं उभं राहवेना. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. निघताना जबाब बदलून देते असं त्याला सांगितलंय.

त्याला आज आठ दिवस झाले. ठाण्यात जायला म्हणून रजेचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय, शाळेत दिलेला नाही. यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. वळव म्हणालो ते आपणच, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येईल, आणि सासूबाईंचा हात अजून नीट वळत नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून यात तरी खोटं नको. वर एका ठिकाणी, उद्या नक्की ठाण्यात जाते, असं लिहिलं होतं, ते खोडलं. पोलिसांची मला भीती वाटत नाही. आज घरात सगळे माझ्याशी बोलतात, अण्णा, आणि जबाब बदलल्यानंतर कोण बोलेल, ते मला माहीत नाही.