राष्ट्राच्या मालकीचं शिलाई मशीन

प्रिय छोटे,

परवा फोनवर तू मला फाडफाड बोललीस आणि मी ऐकून घेतलं, कारण चूक माझीच आहे. आईचं मशीन संग्रहालयात मीच नेलं. पण चार वर्षं ते परत का येत नाही, हे एकदा शांतपणे वाच. मी काही हातावर हात ठेवून बसलेली नाही.

आमचं जुनं संग्रहालय कायदा करून राष्ट्रीय झालं, तेव्हा उद्घाटनाचे पडदे आखूड पडले. शिंपी आठवडा मागत होता. मी आईचं मशीन आणलं, दोन दुपारी बसून पडदे शिवले आणि मशीन तिथेच कोपऱ्यात ठेवलं. तिथेच घोळ झाला. कायद्यात कलम आहे की स्थापनेच्या दिवशी इमारतीत असलेली प्रत्येक वस्तू राष्ट्राच्या मालकीची. आमचे कारकून इतके चोख, की झाडू तेवढा सुटला. मशीनला क्रमांक मिळाला, पुढे शेरा, 'चालू स्थितीत'. यादीच्या पानापानावर सही माझी, न वाचता ठोकलेली.

नोंदलेली वस्तू बाहेर काढायला विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. ठरावाला निदान सहा जण हवेत आणि ते नेमतं मंत्रालय. इतकी वर्षं पाचच होते. मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवायची, तिकडून उत्तर यायचं, प्रकरण विचाराधीन आहे. कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं. बाबा गेल्यावर त्याच मशीनवर आईने आपल्याला वाढवलं. आता ती रिकाम्या टेबलाशी बसून बोटांनी कापड सरकवल्यासारखं करते आणि तू आणलेलं नवं मशीन झाकूनच ठेवते, हे तूच मला सांगितलंस.

मागच्या आठवड्यात एकदाचा सहावा विश्वस्त आला आणि मंडळ बसलं. चहा झाला, दालनातल्या दिव्यांच्या रंगावरून दोन तास भांडण झालं, मग माझा विषय. मशीन चुकून नोंदलं गेलं, हे सगळ्यांना पटलं. तेवढ्यात कायदा सल्लागारांनी नियम काढला: सेवेतल्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांना संग्रहातली वस्तू देता येत नाही. वस्तूंना पाय फुटू नयेत म्हणून केलेला नियम, त्याला नावं तरी कशी ठेवू? ठराव झाला, की मी सेवेत नसेन तेव्हा आईचा अर्ज आल्यास मशीन द्यावं. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि आई ब्याऐंशीची आहे.

म्हणून आज राजीनामा दिला. त्याला ना मंडळ लागतं, ना मंत्रालय. संचालकांनी दहा मिनिटांत सही केली. सोबत अर्ज जोडलाय, त्यावर आईची सही घे. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं: तिला सांग, ताईने हौसेने लवकर निवृत्ती घेतली. खरं कळलं तर ती सही करायची नाही.

तुझी शिव्या खाल्लेली, तरी तुझीच,
ताई