दळवींनी न केलेली तक्रार

अहो,

आता हे वाचायला तुम्हाला चष्मा लागायचा नाही, आणि मला ओरडून सांगायचीही गरज नाही. म्हणून लिहिते. खरं तर हे तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही.

काल शेजारची सुषमा दळवी घावणे घेऊन आली होती. टीव्हीखालच्या तुमच्या डीव्हीडींकडे बघून म्हणाली, "काकी, काका ते मुके सिनेमे मोठ्याने वाचून दाखवायचे ना? मध्येच बंद का केलं हो? आमच्या आई किती दिवस विचारत होत्या, आज काका का नाय वाचत म्हणून. त्यांचा पलंग त्याच भिंतीला आहे ना."

मी म्हटलं, "तुम्हाला त्रास व्हायचा असेल."

"त्रास? अहो, तीन वाजले की आई आमचा टीव्ही बंद करायला लावायच्या!"

ऐकताय ना? दळवींनी कधीच तक्रार केली नव्हती. पण हे मला काल कळलं असं समजू नका. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण ती तक्रार मीच रचली होती.

तुमचं हे वेड लग्नाआधीचं. भांडुपच्या कारखान्यात आठवडाभर ड्रॉइंगं काढायची आणि रविवारी फिल्म सोसायटी गाठायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी मलाही नेलंत एकदा. आवाज नाही, रंग नाही, खुर्चीचा एक हात मोडलेला. मी चक्क झोपले. येताना तुम्ही मात्र हवेत! "मंदा, बोलपट यायच्या आधीच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत लोकांनी जे काढलंय ना, तसं पुन्हा कोणाला जमलं नाही. कॅमेरा नुसता तरंगायचा गं. मग आवाज आला आणि घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेऱ्याला खोक्यात कोंडलं." मी विचारलं, "रात्री पिठलं चालेल ना?"

निवृत्त झालात आणि कान गेले. कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते कपाटात. लग्नकार्यात कोपरा धरून बसायचात, कोणी काही बोललं की उगाच हसायचात. मुलुंडला घरी परत आलं की पडदे ओढून एखादा मूकपट लावायचात आणि म्हणायचात, "इथे मला सगळ्यांइतकंच ऐकू येतं." किती सहज म्हणायचात! मी मात्र आत जाऊन भांडी आवरायचे.

मध्ये मध्ये पडद्यावर संवादांच्या पाट्या यायच्या. माझं इंग्रजी बेताचं, आणि पाटी काही कोणासाठी थांबत नाही. म्हणून तुम्ही त्या मराठीत वाचायचात. तुमचे आजोबा म्हणे गिरगावच्या थिएटरात असेच मोठ्याने वाचायचे, शेजारच्या निरक्षर माणसांसाठी. पण तुम्ही आजोबांवरही कडी केलीत. सरदार पुणेरी बोलायचा आणि जर्मन हमाल मालवणी! तो मुकादमावर धावून गेला आणि तुम्ही ओरडलात, "मेल्या, तुका लाज नाय?" तेव्हा हसून हसून माझ्या मांडीवरचे वाटाणे घरभर झाले होते.

मग मी असं का केलं? ते कारण काही मोठं असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. कुडाळहून माझी बहीण दुपारी फोन करायची. त्या दिवशी तिने विचारलं, "भावोजी कोणावर एवढे ओरडतायत गं?" आणि हसली. बस, एवढंच. मला लाज वाटली. तुमची लाज वाटली, अहो. तुमचा तो चढलेला, फाटका आवाज मला एकदम बाहेरच्या माणसाच्या कानाने ऐकू आला.

फोन ठेवून मी बाहेर आले. ओरडून सांगितलं असतं तर दळवींनाच ऐकू गेलं असतं. म्हणून भिंतीकडे बोट दाखवलं, दोन्ही कानांवर हात ठेवले, कपाळाला आठ्या घातल्या. तुमच्या त्या सिनेमांतल्या बायका करतात तसं. तुम्हाला तो अभिनय समजायला कितीसा वेळ लागणार?

"दळवींना त्रास होतो?"

मी मान हलवली. एक शब्दही न बोलता केवढं खोटं बोलले मी!

तुम्ही आवाज कमी करायचा केवढा प्रयत्न केलात. पण स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही तर माणूस तो मोजणार कशाने? "आता बरोबर आहे?" असं विचारायचात आणि मी तळहात खाली करायचे, अजून खाली. मध्येच एखादं वाक्य मोठ्याने सुटायचं आणि तुम्ही दचकून माझ्याकडे बघायचात. शेवटी वाचणंच सोडलंत. मी स्वयंपाकघरातून बघायचे. पाटी आली की तुमचे ओठ हलायचे, आवाज नाही. तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना मी? पण दुपारी घर शांत झालं होतं, आणि ती शांतता मला आवडली होती. हेही लिहिते, कारण खरं तेच आहे.

आणि तुम्ही तरी काय! लिफ्टमध्ये दळवी भेटले की हात जोडून उभे. सुषमा काल कौतुकाने सांगत होती, "काका किती साधे, वयाने लहान माणसालाही नमस्कार करायचे." तुम्ही माफी मागत होतात हो! एकदा तोंडाने मागायचीत ना. तिथल्या तिथे माझं बिंग फुटलं असतं. बायकोवर इतका विश्वास ठेवतं का कोणी?

आज सकाळी दळवी आजींकडे गेले. अंथरुणाला खिळल्यात, पण जीभ झकास चालते. मला बघताच विचारलं, "त्या नावाड्याचं पुढे काय झालं गं? बायको सोडून गेली होती त्याची. ती परत येऊन पलीकडच्या काठावर उभी राहिली, एवढंच ऐकलं मी. गेला का तो तिला आणायला?"

मी खोटं बोलले त्याच दुपारचा सिनेमा तो. जगात एकच प्रत उरलेली, परदेशात कुठल्याशा चर्चच्या माळ्यावर सापडलेली. तो हाती लागला तेव्हा घरभर नाचला होतात. त्याचा शेवट तुम्ही एकट्याने बघितलात. मला ठाऊक नाही, आजींना ठाऊक नाही.

मी आजींना सगळं सांगितलं. बहिणीचं हसणं, भिंतीकडे दाखवलेलं बोट, सगळं.

"वाईट केलंस, मंदा."

"असू दे गं" म्हणाल्या नाहीत. त्या तसं म्हणाल्या असत्या तर मला तिथे बसवलं नसतं.

पुढे म्हणाल्या, "मग आता तू वाच."

"आजी, माझं इंग्रजी..."

"सावकाश वाच. मी कुठे पळून चाललेय?"

"बरं, मग लॅपटॉप घेऊन इथेच येते."

"इकडे नको. तुझं तोंड बघायचंय कोणाला? तिकडूनच वाच. मोठ्याने."

तर उद्यापासून दुपारी तीनला मी बसणार आहे. आपल्या अमोलने फोनवरून समजावलंय, पाटी आली की कुठलं बटण दाबायचं ते. शब्द अडला तर तुमची डिक्शनरी घेईन. नावाड्याला मालवणीच बोलायला लावीन, ती मला तुमच्यापेक्षा बरी येते. बहिणीचा फोन वाजला तर वाजू दे. हसली तर हसू दे.

चुकेन, अडखळेन, पण भिंतीपलीकडे पोचेल एवढ्या मोठ्याने वाचेन, हे वचन. आता घरात तळहात खाली करणारं कोणी नाही. आणि अहो, तक्रार फक्त माझी होती. ती मी मागे घेते.

तुमचीच,
मंदा